मिस्कूट संपलं की कळव

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई. माझी मुलगी डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत पाचवीला आहे. बाईंनी आग्रहाने नवोदयच्या परीक्षेला बसवलं आणि तिचं नाव यादीत आलं. आता सहावीपासून वाळपईला, शाळेतच राहायचं. खाणी बंद झाल्यावर यांनी टिपर विकला आणि बोटीवर गेले. वर्षातले आठ-नऊ महिने तिकडेच असतात. घरात सासूबाई, मी आणि ही. सासूबाई म्हणतात, पोटची पोर कोणी अशी बाहेर टाकतं का, आणि तीही मुलगी? शेजारणी विचारतात, एवढी वांड होती का ती, बोर्डिंगात घालताय ती? यांचं म्हणणं, पाठव, शिस्त लागेल. मला काहीच सुचत नाही. अजून तिची वेणीसुद्धा मी घालते. तिला विचारलं तर म्हणते, "मला जायचंय. पण मी गेले तर तू काय करशील?" यांनी घेऊन दिलेली स्कूटर मी कधी शिकले नाही, ती अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. म्हणजे भेटायला जायचं तेही बसच्या भरवशावर. शाळेत राहण्याचा मुलांना खरंच काही फायदा होतो का? की आपण आपल्या सोयीला फायदा म्हणतो?
– डिचोलीची एक आई

उत्तर:

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पाठवा. मात्र तुमचे यजमान म्हणतात त्या कारणासाठी नको.

वसतिगृहातल्या शिस्तीचं मला फारसं कौतुक नाही. घंटेवर उठणारं मूल घंटा नसली की उठत नाही. तुमची लेक दिवाळीच्या सुट्टीत घरी येईल, दहा वाजेपर्यंत लोळेल आणि सासूबाई विचारतील, हीच का ती शिस्त? मार्कांचंही तेच. नवोदयचे निकाल चांगले लागतात हे खरं, पण जिल्हाभरातून परीक्षा घेऊन सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं निवडायची म्हटल्यावर ती हुशार निघणारच. त्यात शाळेचं श्रेय किती आणि मुलांचं किती, हे वेगळं काढणं मला तरी इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

मग फायदा कसला? मी काही वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते, तेव्हाची एक सकाळ सांगते. सहावीतल्या दोन मुली एका बादलीवरून हातघाईवर आल्या. बादली शाळेची, हक्क दोघींचाही नाही, पण पाणी जायची वेळ झालेली आणि दोघींना केस धुवायचे होते. एकीने दुसरीच्या आईचा उद्धार केला, दुसरी रडत माझ्याकडे आली. मी दुधाचा हिशेब करत होते. म्हटलं, संध्याकाळी बघू. खरं तर मी विसरून गेले. संध्याकाळी फेरी मारताना पाहते तर न्हाणीघराच्या दारावर वहीचा कागद चिकटवलेला. सोमवारी आधी कोण, मंगळवारी आधी कोण, आठही मुलींची नावं पेन्सिलीने लिहिलेली. खाली टीप: "केस धुण्याच्या दिवशी पाच मिनिटं जास्त." तो कागद दिवाळीपर्यंत टिकला. पुढे त्याची गरज राहिली नाही.

घरी हे भांडण आपण मिटवलं असतं. लहान म्हणून एकीला आधी सोडलं असतं, मोठी म्हणून दुसरीला गप्प केलं असतं. एकुलत्या एक मुलीच्या वाट्याला तर ते भांडणही येत नाही. आवडत नसलेल्या माणसाच्या शेजारी झोपायचं, त्याच्याच पंगतीला बसायचं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचीच वही मागायची, हे घरात शिकवता येत नाही. आईने मनात आणलं तरी नाही. कारण घरात सगळे आपलेच असतात.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. आपल्याकडे शाळा सुटली की पोरं ट्यूशनला पळतात, ती सुटली की मोबाइल. डिचोलीत काय नि म्हापशात काय, सारखंच. निवासी शाळेत संध्याकाळी मैदानावर जावंच लागतं, मग सगळ्यांनी एकत्र अभ्यासाला बसायचं. नवोदयमध्ये शिक्षकही आवारातच राहतात. अपूर्णांक अडला तर तो त्याच रात्री सुटतो, शनिवारच्या ट्यूशनपर्यंत थांबावं लागत नाही. आणि अभ्यासाला कंटाळलेली मुलगी मान वर करते तेव्हा तिला आणखी तीस कंटाळलेल्या माना दिसतात. याचा केवढा आधार असतो ते एकट्याने खोलीत बसून अभ्यास केलेल्याला विचारा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. आपला गोवा एवढासा, पण पोरं वाढतात आपापल्या वाड्यावर. देवळाकडची देवळाकडे, चर्चकडची चर्चकडे. नवोदयमध्ये अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी हाउसं असतात. मुलगी कुठल्या घरची, याच्याशी हाउसचा काही संबंध नाही. सत्तरीतल्या धनगराची लेक, पेडण्याच्या मासळीवालीची लेक आणि तुमची लेक एकाच खोलीत आल्या, तर एकीला उकड्या तांदळाच्या पेजेवाचून करमत नसेल आणि दुसरी माशाच्या वासाने नाक मुरडत असेल. महिनाभराने तिघी मेसमधल्या राजम्याला मिळून नावं ठेवतील. या शाळांतल्या निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि एक तृतीयांश मुलींसाठी. तेव्हा तुमच्या मुलीला तिथे परकं वाटायचं काही कारण नाही.

आता शेजारणींबद्दल. "बोर्डिंगात घालीन" ही धमकी ऐकतच आपण मोठे झालो, म्हणून बोर्डिंग म्हणजे शिक्षा हे डोक्यात बसलंय. एरवी मराठी मुलखाला वसतिगृहांचं वेड लावलं ते शाहू महाराजांनी. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. पुढे साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. त्या मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. वांड पोरांसाठी कोणी मंगळसूत्र मोडत नाही. खुद्द आपल्या गोव्यातली कितीतरी मुलं मुक्तीपूर्वी बेळगाव-पुण्याला वार लावून जेवली आणि शिकली. सासूबाईंच्या माहेरीही एखादे काका-मामा असे सापडतील. विचारून बघा, त्यांना सांगायला आवडेल. त्या बोलत्या झाल्या तर निम्मं काम झालं समजा.

आणि तुमचा तो टोचणारा प्रश्न, आपल्या सोयीला फायदा म्हणतो का? तुमच्या बाबतीत सोय कसली आहे? नवरा बोटीवर, घरात सासू, आणि हक्काची एकच सोबत ती वाळपईला पाठवताय. सोयीसाठी पाठवणारे पालक मी पाहिले आहेत. घरात भांडणं विकोपाला गेली म्हणून किंवा दुसरं लग्न झालं म्हणून पोर ठेवून जातात आणि भेटीच्या रविवारी फिरकत नाहीत. त्या मुलांना वसतिगृह जाचतं, कारण परत जायला घरच उरलेलं नसतं. मूल स्वतः नको म्हणत असेल तरीही मी पाठवू नका म्हणते. तुमची मुलगी "मला जायचंय" म्हणते आहे. या बाबतीत मुलाच्या मताला मोठं वजन आहे. ज्याने स्वतः ठरवलं ते मूल घरच्या आठवणीने कमी खचतं.

पण खचेल, हे धरून चाला.

मी 1973 साली आठवीला बेळगावच्या एका वसतिगृहात गेले. मीटरगेज गाडी, कुळ्याहून घाट चढून लोंढा आणि पुढे बेळगाव. पत्र्याची ट्रंक, तिला पितळी कुलूप, आणि आईने भरून दिलेली मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बरणी. तिथे आमची पत्रं टपालात पडण्याआधी वाचली जात. त्यामुळे झाडून सगळ्या मुली एकच मजकूर लिहीत: "मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, काळजी नसावी." आई लिहायला-वाचायला जेमतेम शिकलेली, पण धोरणी. निघताना कानात म्हणाली, "काही झालं, कोणाला सांगता आलं नाही, तर लिही, मिस्कूट संपलं. मी येते."

पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री उशीत तोंड घालून रडले, पण तसं लिहिलं नाही. हळूहळू रडणं कधी थांबलं ते कळलंही नाही. मग जानेवारीत एक दिवस कपड्यांवर रक्त दिसलं. घरी कोणी काही सांगितलेलं नव्हतं, बाईंना विचारायची भीती. मला वाटलं, मोठा आजार झाला. पोस्टकार्डावर लिहिलं, "बाकी सर्व क्षेम. मिस्कूट संपलं."

पाचव्या दिवशी आई दारात उभी. त्याआधी ती एकटी कधी गाडीत बसली नव्हती. ओल्या अंगणाकडच्या पायरीवर बसवून तिने मला सगळं समजावलं, कपड्याच्या घड्या करून दाखवल्या, रात्री एका नातेवाइकांकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मला घेऊन गेली नाही. मीही चल म्हटलं नाही. जाताना पिशवीतून मिस्कुटाची भरलेली बरणी काढून दिली. म्हणाली, "म्हटलं, खरंच संपलं असलं तर?" मी तिथे आणखी तीन वर्षं राहिले.

हे सांगितलं ते आठवणी उगाळायला नव्हे. तुम्हीही मुलीशी एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. हल्ली पत्रं वाचत नाहीत, पण शाळेच्या फोनवरून बोलताना मागे रांग उभी असते, शेजारी बाई असतात. अशा वेळी मूल "बरंय" एवढंच म्हणतं. तुमच्या दोघींचा शब्द असू द्या, मांजराचं नाव किंवा खाण्याचा पदार्थ, जो फोनवर कोणालाही वावगा वाटणार नाही. तो कानावर आला की दुसऱ्या दिवशी जाऊन धडकायचं. आणि तो ऊठसूट वापरायचा नाही, हेही सांगा.

पाळीविषयी मात्र आत्ताच, जायच्या आधी बोला. नुसतं बोलू नका, पॅड कसं लावायचं, कुठे टाकायचं ते करून दाखवा. ट्रंकेत एक पाकीट ठेवा, आज गरज नसली तरी. माझ्या आईने चुकवलं ते तुम्ही चुकवू नका. त्याच बैठकीत अंगाला कोणी नको तसा हात लावला तर काय करायचं तेही सांगा, मग तो शिक्षक असो, मोठ्या वर्गातली मुलगी असो की स्वयंपाकी. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला पाठ असू द्या. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार समजला की कळवणं बंधनकारक आहे. शाळेला ते "आतल्या आत मिटवता" येत नाही. हे तुम्हालाही माहीत असायला हवं.

प्रवेशाआधी शाळा बघून या. कार्यालयात बसून चहा पिऊन परतू नका. मुलींची न्हाणीघरं बघा, कड्या नीट लागतात का ते बघा. रात्री मुलींच्या बाजूला कोण झोपतं, अडीच वाजता ताप चढला तर मुलीने कोणाला उठवायचं, नर्स कुठे राहते हे विचारा. उत्तर नावानिशी मिळायला हवं. "व्यवस्था आहे" हे उत्तर नव्हे. मेसमध्ये एकदा जेवा. आणि एखाद्या नववीच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, मोठ्या मुली लहानांकडून कपडे धुऊन घेतात का? ती हसली तर काळजी नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं तर पुढचे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण यजमान विचारतील. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं मोफत. नववीपासून महिना 600 रुपये विकास निधी घेतात, तोही मुलींना माफ. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एक, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्र हिंदीतून असतं. मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला पहिलं वर्ष जड जाईल, तेव्हा सहामाहीचे मार्क बघून हाय खाऊ नका. दुसरं, नववीतली साधारण 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, हिंदी मुलखातली इकडे आणि इकडची तिकडे. तिचं नाव आलं तर सासूबाई पुन्हा एकदा अंथरूण धरतील. तेव्हा हे आजच घरात बोलून ठेवा. आणि सहावीची परीक्षा एकदाच देता येते. आता सोडलं तर नंतर नववीत किंवा अकरावीत, जागा रिकामी असली तरच आणि पुन्हा परीक्षा देऊन.

पहिले काही आठवडे रात्री आणि रविवारी दुपारी तिला घर आठवेल, म्हणजे हातात काम नसेल तेव्हा. "नाही आवडलं तर लगेच घेऊन येते" असं वचन मात्र देऊ नका. प्रेमाने दिलं जातं, पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की आईलाच खात्री नाही. मग मूल रुळायचं सोडून आईची वाट बघत बसतं. त्याऐवजी सांगा, दिवाळीपर्यंत राहा, मग आपण दोघी बसून ठरवू, आणि खरंच ठरवा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मी मुद्दाम म्हटली नाही. चवथीला घरी येईल, गणपतीवर फळांची माटोळी बांधायला लुडबुड करील, नेवऱ्या खाईल आणि परत जायच्या दिवशी सकाळी पोटात दुखतंय म्हणून झोपून राहील. माझ्या वसतिगृहात चवथीनंतरच्या पहिल्या रात्री सगळी खोली मुसमुसत असे, दहावीच्या मुलींसकट. त्या रडण्यावर निर्णय घेऊ नका. नेवऱ्यांचा डबा द्या, सबंध खोलीला पुरेल एवढा, आणि पोचवून या. दिवाळीतही ती कोमेजलेली असेल, वजन उतरलेलं असेल, मैत्रिणींपैकी एकीचंही नाव तोंडात नसेल, तर मात्र घरी आणा, आणि शेजारणी काय म्हणतात ते त्यांना म्हणू दे.

वेणीचं काय करायचं? जायला अजून वेळ आहे. आजपासून तिलाच घालू द्या. वाकडी येईल, भांग तिरका पडेल, हात लावू नका. मध्ये आठवडाभर मामाकडे राहू दे, तुमच्याशिवाय. आणि केस कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. संध्याकाळी अभ्यासाच्या आधी मुली पायरीवर एकीमागे एक ओळीने बसतात आणि पुढचीची वेणी घालतात. सगळ्यांत मागच्या मुलीची कोण घालणार यावरून रोज वाद. माझ्या ज्या मैत्रिणी आजही फोन करतात, त्या सगळ्या त्या ओळीतल्या आहेत.

राहिला तिचा प्रश्न, "तू काय करशील?" तुम्ही तो पत्रात ओघात लिहून पुढे गेलात. अकरा वर्षांची मुलगी ट्रंकेबरोबर आईची काळजीही बांधून नेत असेल तर तिचं मन तिकडे लागणार नाही. "माझी काळजी करू नकोस" म्हणून भागत नाही, पोरांना ते खरं वाटत नाही. तिला दिसेल असं काहीतरी करा. वाळपई काही दूर नाही. सातासमुद्रापार तर तिचे बाबा आहेत. साखळी, होंडा करत जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. ताडपत्री काढा, बॅटरी उतरली असेल ती चार्ज करून घ्या, टायरमध्ये हवा भरा आणि ती घरी आहे तोवर तिच्यासमोर अंगणात शिका. पडलात तर ती हसेल, हसू दे. शिकाऊ लायसन्सचा अर्जही तिलाच मोबाइलवरून भरायला सांगा. फक्त पावसाच्या आधी हात बसवा. होंड्याच्या पुढचा रस्ता पावसात नवशिक्याचा नाही, आणि पहिला भेटीचा रविवार नेमका पावसातच येईल.